मागची फळी

लेकीचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका ड्रॉवरला शिकंजे लावत होतो. हाताला सरस लागला होता, म्हणून फोन खांद्याने कानाशी दाबून धरला.

"बाबा, आई कुठे आहे?"

"घरी. तुझ्याबरोबर खेळत नाही का?"

"खेळात आहे. पण नुसती उभी आहे. हातात फळी घेऊन दारासमोर उभी आहे. मी मघापासून हाका मारतेय, बोलतच नाही."

"दूध उतू गेलं असेल. उठली असेल."

"उठताना ती सांगून उठते, बाबा."

हे खरं होतं. माझी बायको जन्मभर नर्स होती. वॉर्डमधून निघताना कुणाला तरी सांगितल्याशिवाय ती कधी निघाली नाही, आणि निवृत्त झाल्यावर घरातही तेच. दळण आणायला निघाली तरी मला सांगून, मी नसलो तर शेजारणीला सांगून. मी हात पुसले, शिकंजा सैल होता तसाच सोडला आणि घरी गेलो. दुकान आमच्याच रस्त्याच्या टोकाला आहे. मी चालत गेलो, धावलो नाही. धावण्यासारखं काही असेल असं मनात आलं नव्हतं.

ती खुर्चीतच होती. मान एका बाजूला, हात माऊसवर. मी तिला हात लावला आणि मला कळलं. हेडफोन तिच्या कानावरच होते आणि त्यातून लेकीचा बारीक आवाज येत होता, "आई, ए आई, ऐकतेस का?" मी ते काढून माझ्या कानाला लावले. काय बोललो ते आज आठवत नाही. स्क्रीनवर दोन बाहुल्या एका अर्धवट घरासमोर उभ्या होत्या, एवढं आठवतं. एकीच्या डोक्यावर लिहिलं होतं हेडबाई. दुसरीच्या डोक्यावर शेंडेफळ.

ही नावं त्यांची त्यांनीच एकमेकींना दिलेली. लेक आमची एकुलती एक, तेव्हा पहिलं फळही तीच आणि शेंड्याचंही तीच. ती नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली आणि तिथून तिने आईला हा खेळ शिकवला. जंगलात मोकळी जागा मिळते. झाडं तोडायची, फळ्या करायच्या, घर बांधायचं. मारामारी नाही, जिंकणं-हरणं नाही. कॉम्प्युटर लेकीचाच जुना, तिने जाताना इथे ठेवलेला. लेक कामावरून खोलीवर पोचली की दोघी हेडफोन लावून बसायच्या आणि मी दुकानातून येईपर्यंत खेळायच्या.

मी सुतार. मला ते बघवत नसे. मी मागे उभा राहून म्हणायचो, "अगं, खाली खांब नाही, तुळई नाही, आणि तू छप्पर घालतेस?"

"राहतं की ते."

"राहतं कसं? सांधा कुठे आहे? खिळा कुठे आहे?"

"अहो, तुमच्या लाकडाला वाळवी लागते, माझ्या लागत नाही. जा, हातपाय धुवा."

हेडफोनमधून लेकीचं हसणं मला ऐकू यायचं. ती काय म्हणाली ते बायको जेवताना सांगायची. लेकीच्या खोलीचा नळ गळतो, तिच्या साहेबाला कुत्रा चावला, तिला बढती मिळेल असं वाटतंय. मला सगळं माहीत असायचं, पण लेकीने मला थेट सांगितलेलं त्यात काहीच नसायचं. ती आईशी बोलायची आणि आई मला सांगायची. आमचं असंच चाललं होतं आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

आता मधलं माणूस गेलं.

लेक आली, राहिली, रजा संपल्यावर परत गेली. मग रोज संध्याकाळी फोन करू लागली.

"जेवलात का?"

"जेवलो. तू?"

"जेवले."

"ऑफिस?"

"चाललंय."

पुढे दोघंही गप्प. एकदा इतका वेळ गप्प राहिलो की तिने विचारलं, "बाबा, आहात ना?" मी म्हटलं, आहे. फोन ठेवल्यावर मला भीती वाटली. हे असंच आटत जाणार. आज रोज, पुढे दिवसाआड, मग कामापुरतं. बायको गेली ते माझ्या हातात नव्हतं. हे होतं, आणि ते कसं धरायचं ते मला येत नव्हतं.

बायको गेली त्या दिवशी माणसं जमली तेव्हा जागा करायला कुणीतरी टेबल भिंतीपासून ओढलं होतं आणि वायरी उपटल्या होत्या. तेव्हापासून कॉम्प्युटर सुरू होत नव्हता. मी तो दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो म्हणाला, मदरबोर्ड गेला, याच्यावर पैसे घालू नका, डिस्क मात्र चांगली आहे, आतलं सगळं शाबूत आहे. मी ते संध्याकाळी लेकीला सांगितलं. आज सांगायला काहीतरी आहे याचंच मला बरं वाटत होतं.

ती म्हणाली, "म्हणजे घर आहे."

"कुठलं घर?"

"आमचं. ते आईच्या डिस्कवर आहे. आईचा कॉम्प्युटर सुरू असला की मी त्यात पाहुणी म्हणून जायचे. तो बंद, तर घर बंद."

"मग ते तुझ्याकडे पाठवता येत नाही का? दुरुस्तीवाला देईल पाठवून."

"येतं. मी विचार केला होता." मग म्हणाली, "पण मग आत मी एकटीच असणार, बाबा."

मी म्हटलं, "मी घेतो नवा कॉम्प्युटर."

"तुम्ही? तुम्ही काय करणार?"

"तुम्ही घातलेलं छप्पर बघणार. मला त्याच्याबद्दल शंका आहेत."

ती हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

कॉम्प्युटरच्या दुकानात मी मोजायची टेप घेऊन गेलो. याचं कारण सांगायला हवं. कॉम्प्युटरचं टेबल मीच केलेलं आहे. उजव्या हाताला खाली सीपीयूच्या डब्यासाठी कप्पा आहे, बाजूने बंद, आणि मागे फळी. माझ्या हातून पाठ उघडी ठेवलेली वस्तू आजवर बाहेर गेलेली नाही. गिऱ्हाईक म्हणतं, अहो ती बाजू भिंतीला लागणार, कोण बघतंय? मी म्हणतो, भिंत बघते. या टेबलालाही मी मागून फळी दिली होती, खाचेत वरून खाली सरकणारी, खालच्या कोपऱ्यात वायरींपुरतं भोक. त्या दिवशीच्या ओढाताणीत ती फळी निघाली असावी, कारण नंतर ती मला पलंगाला टेकवलेली सापडली. मी ती परत सरकवली आणि पुन्हा निघू नये म्हणून वर स्क्रू मारले.

दुकानातली बाई माझ्या लेकीपेक्षा थोडी मोठी असेल. केसात पेन खोचलेलं. मी म्हटलं, खेळ खेळायला तयार कॉम्प्युटर हवा, स्वस्तातला. नातवासाठी का, असं तिने विचारलं नाही. "कुठला खेळ?" असं विचारलं. मी लेकीला फोन लावून तिच्याकडे दिला. दोघी एकमेकींशी माझ्या डोक्यावरून बोलल्या, आणि मग बाईंनी फोनचा स्पीकर लावून तो काउंटरवर उभा केला.

"किती घालायचे आहेत, काका?"

"एका कपाटाची मजुरी मिळाली आहे. तेवढे."

"केवढं कपाट?"

"तीन दारी. आरशासकट."

"मग बरं मिळेल," ती म्हणाली. "दोन दारी असतं तर अडचण होती."

तिने मला रांगेत मांडलेले डबे दाखवले. पहिला काचेचा होता, आत लाल-हिरवे दिवे फिरत होते. मी तो उचलून पाहिला. चांगला जड होता. मला वाटलं, जड आहे म्हणजे माल घातलाय. लाकडात मी असंच बघतो.

"ते वजन काचेचं आहे," बाई म्हणाली. "आत कार्ड जुनं आहे आणि पॉवर सप्लाय तर विचारूच नका. दोन वर्षांत रडेल."

"म्हणजे बडा घर पोकळ वासा."

"अगदी. पण माझ्या मालकांना सांगू नका हां, त्यांचा तो लाडका आहे."

फोनमधून लेक म्हणाली, "बाबा, दिवे नकोत. ग्राफिक्स कार्ड कुठलं ते विचारा."

"ते काय असतं?"

"चित्र काढणारा भाग," बाई म्हणाली. "खेळाला सगळ्यात जास्त तेच लागतं. झाड दिसतं, पान हलतं, ते सगळं त्याचं काम. स्वस्तात घ्यायचं तर बाकी ठिकाणी हात आखडता घ्या, तिथे नको. आणि मेमरी आत्ता थोडी कमी असली तर चालेल, नंतर वाढवता येते. फक्त वाढवायला जागा आहे ना ते बघायचं."

हे मला कळलं. घर लहान बांधा, पण पाया वरच्या मजल्याचा घाला. मी तसं म्हटलं तर लेक फोनमधून म्हणाली, "बाई, यांना सगळं लाकडात सांगा, लगेच समजेल."

एक ऑफिसमधून आलेला वापरलेला डबा होता, त्यात छोटं कार्ड बसवलेलं. तो अर्ध्या कपाटात आला असता. लेक म्हणाली, चालेल, पण झाडं पुसट दिसतील आणि चालताना अडखळायला होईल. मी म्हटलं, मी तसाही अडखळणार. बाई म्हणाली, मग दोघांनी एकदम अडखळू नका. आमचा बराच वेळ असा गेला. मला घाई नव्हती. लेक तिकडे जेवणाच्या सुट्टीत होती, ती सुट्टी संपली तरी तिने फोन ठेवला नाही.

शेवटी दोन उरले. आतला माल दोघांचा सारखा, किंमतही जवळजवळ सारखी. एक मोठा, पुढून जाळीचा. दुसरा आटोपशीर. मी टेप काढली. मोठा कप्प्यात जाणार नव्हता. आटोपशीर असा बसणार होता की बाजूला पोस्टकार्ड सरकायला जागा राहील, जास्त नाही.

"हा," मी म्हटलं.

"काका, जागा असेल तर मोठा घ्या. लहान डब्याला हवा जास्त लागते."

"समोरून उघडा आहे कप्पा."

"मग ठीक आहे. कोंडू मात्र नका."

मी म्हटलं, कोंडणार नाही. मला खरंच तसं वाटत होतं.

तिने बायकोची डिस्क त्यात बसवून दिली. बसवताना मला विचारलं, "यातलं काही पुसायचं आहे का?" मी नाही म्हटलं. तिने पुढे काही विचारलं नाही. पिशवीत एक जादाची वायर टाकली आणि तिचे पैसे घेतले नाहीत.

घरी आणून मी डबा कप्प्यात सरकवला. हलक्या हाताने आत गेला आणि शेवटी जी किंचित हवा दबते, चांगल्या ड्रॉवरला दबते तशी दबली. मला बरं वाटलं. संध्याकाळी लेकीने तिकडून बसून सगळं लावून दिलं. माझ्या समोर बाण आपोआप फिरत होता आणि मी हात मांडीवर ठेवून बघत होतो.

मग तिने विचारलं, "बाबा, आईच्या नावाने जाणार की नवं माणूस करू?"

यादीत हेडबाई हे नाव होतं. शेजारी तिची छोटी बाहुली, निळा झगा, हातात अजून ती फळी.

"नवं कर."

"नाव?"

"तू ठरव."

तिने लिहिलं, मिस्त्री. आणि मी त्या जंगलात जाऊन उभा राहिलो. म्हणजे उभा कुठला, आधी आकाशाकडे बघत राहिलो, मग स्वतःच्या पायांकडे. माऊस सरळ धरता येईना. एका झाडात घुसलो आणि बाहेर येता येईना.

"हे झाड चुकीच्या जागी आहे," मी म्हटलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं."

"तुझी आई हेच म्हणायची."

"तिच्याकडूनच घेतलंय. उजवीकडे वळा. आता सरळ. दिसलं का?"

घर दिसलं. आणि दारात शेंडेफळ उभी होती, हात हलवत होती. मी पुढे चालू लागलो. तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. आतला पंखा एकदा जोरात घरघरला आणि सगळं थंड पडलं. हेडफोनमध्येही काही ऐकू येईना.

मी बटण शोधत होतो तोवर फोन वाजला.

"बाबा?"

"हां."

"बाबा, बोला काहीतरी."

"आहे मी. इथेच आहे. डबा बंद पडला."

तिचा श्वास मला ऐकू येत होता. मला उशिरा कळलं. तिकडे ती बोलत असताना समोरचा आवाज मध्येच तुटला होता, आणि ही तिची दुसरी वेळ होती.

"अगं, खरंच डबाच बंद पडला. मी खुर्चीत बसलोय. चहा पिणार आहे."

"हो."

डबा जरा थांबून पुन्हा सुरू केला. आम्ही पुन्हा आत गेलो आणि मी दारापर्यंत पोचायच्या आत तो पुन्हा बंद पडला. या वेळी मीच लगेच फोन लावला.

"उद्या तो परत करून टाकतो," मी म्हटलं. "बाईंनी फसवलं. दिवेवाला घेतला असता तर बरं झालं असतं."

"परतच करा," ती म्हणाली. "मला हे रोज नाही जमणार, बाबा. तुम्ही बोलता बोलता बंद पडता."

"मग राहू दे."

"राहू दे."

दोघंही गप्प झालो. पुन्हा तेच, जेवलात का, जेवलो. मला वाटलं, आता ती ठेवते म्हणेल. ती म्हणाली, "बाबा, एक विचारू? मागची फळी काढलीत का?"

"कुठली?"

"टेबलाची. कप्प्याच्या मागची."

"ती कशाला काढू? उलट स्क्रू मारून पक्की केली आहे. त्या दिवशी कुणीतरी पाडली होती."

"कुणी पाडली नव्हती. आईने काढली होती."

मी वाकून कप्प्याकडे पाहिलं.

"ती रोज काढायची. खेळायला बसली की आधी म्हणायची, थांब गं, फळी काढते. मग खर्र असा आवाज यायचा. आणि तुमची यायची वेळ झाली की परत लावायची. आधीचा पण असाच तापून बंद पडायचा ना. तिनेच शोधून काढलं, हात लावून. म्हणाली, पेशंटला ताप आहे, खिडकी उघडायला हवी."

"मला का नाही सांगितलं?"

"मी विचारलं होतं. ती म्हणाली, मिस्त्रींना कळलं तर ते टेबल मोडून पहिल्यापासून करायला घेतील, आणि तोवर आपण खेळायचं कुठे? मला म्हणाली, बोलू नकोस." मग लेक हलकेच म्हणाली, "आज बोलले."

मी टेबल मोडून पहिल्यापासून केलं असतं हे खरं आहे.

फोन पलंगावर ठेवून मी टेबल ओढलं. स्क्रू काढले. फळी मला वाटली होती त्यापेक्षा सहज वर आली, आणि कप्प्यातून भट्टीचं दार उघडल्यासारखी गरम हवा हातावर आली. मी खाचेत बोट फिरवून पाहिलं. खाच गुळगुळीत होती. तिने तिच्यात मेणबत्ती चोळली होती, वरपासून खालपर्यंत, दोन्ही बाजूंनी. ड्रॉवर अडकला की मेण चोळायचं हे मीच तिला शिकवलं होतं, लग्न झालं त्या वर्षी. माझे स्क्रू त्या मेणातून गेले होते आणि तिथे पांढरे तुकडे निघाले होते.

फोनमधून लेक विचारत होती, "बाबा, काय झालं? आहात ना?"

"आहे. मेण लावलंय तिने."

"कशाला?"

"सरकायला. तुला खर्र आवाज यायचा म्हणालीस ना. नंतर यायचा बंद झाला का?"

ती आठवत होती. "हो. नंतर नाही यायचा."

"मग तेच."

तिला रडू आलं. मलाही आलं. पण या वेळी गप्प राहिलो तरी ते आटल्यासारखं नव्हतं.

त्यानंतर त्या संध्याकाळी डबा पुन्हा बंद पडला नाही. मी दारातून आत गेलो, म्हणजे तीनदा चौकटीवर आपटून गेलो. लेकीने मला सगळं फिरवून दाखवलं. आईची पेटी, तिच्यात रचून ठेवलेल्या फळ्या, वॉर्डातल्या चादरींसारख्या सारख्या कडा करून. चूल. दोन पलंग. मग मागच्या अंगणात नेलं. तिथे एक खोली होती, तीन भिंतींची.

"हे काय?"

"तुमचं दुकान. आई म्हणायची, येतील एक दिवस कुरकुरत, त्यांना बसायला जागा हवी."

मी ते फिरून पाहिलं. "दार बाहेरच्या बाजूला उघडतं. समोर झाड आहे. अर्धंच उघडणार."

"माहीत होतं मला," लेक म्हणाली. "मी आईला तेव्हाच म्हटलं होतं, बाबा पहिली गोष्ट ही बोलतील."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, बोलू दे. त्यासाठीच ठेवलंय."

आता लेक घरी पोचली की मी दुकान बंद करून येतो आणि बसतो. तिच्या साहेबाला चावलेला कुत्रा साहेबानेच पाळला आहे, हे परवा कळलं. नळ दुरुस्त झाला. बढती अजून नाही. खरी फळी मी कपाटामागे उभी करून ठेवली आहे. तिच्या जागी जाळी बसवावी असा विचार आहे, बसवलेली नाही. टेबलाची पाठ उघडी आहे.

खेळातल्या दुकानाची चौथी भिंत व्हायची आहे. छप्परही व्हायचं आहे. दार मी तसंच ठेवलंय.